गाडीच्या सिम्युलेशनची ‘एपीके’ फाइल
अ‍ॅपची एपीके फाइल आतून एक झिपच असते, हे तुम्हाला माहीत असेल. गाड्यांच्या जगातही अशी एक झिप फिरते. तिचं नाव एफएमयू.

गाडी बनण्याआधी ती कॉम्प्युटरवर चालवून बघतात. पण बॅटरी एका कंपनीची, मोटर दुसरीची, प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं. जोडणी दरवेळी नव्याने करायची! म्हणून डाइम्लरच्या पुढाकाराने २०१० मध्ये एफएमआय हे स्टँडर्ड आलं. एफएमयूमध्ये बहुतेक वेळा कंपाइल केलेलं मॉडेल असतं आणि सोबत इनपुट-आउटपुट सांगणारी एक्सएमएल फाइल. आतली समीकरणं दिसत नाहीत. धंद्याचं गणित इथेच जमतं: बॅटरीवाला गुपित न उघडता तेच मॉडेल पाच गिऱ्हाइकांना देऊ शकतो.

मग अशा मॉडेल्सचं प्ले स्टोअरसारखं मोठं दुकान का नाही? पुण्यात एका प्रोजेक्टला आम्हाला बॅटरीचं तयार मॉडेल मिळालं. जोडलं, चाललं, ग्राफ एकदम मस्त. दोन आठवड्यांनी कळलं, की ते फक्त २५ अंश तापमानासाठी बनवलं होतं आणि आम्ही ४५ वर चालवत होतो. एरर वगैरे काही नाही. सगळे रन पुन्हा केले.

स्टँडर्ड फक्त प्लग जुळवतं. मॉडेल कुठपर्यंत खरं, हे बनवणाऱ्यानेच तपासून लिहायचं असतं. त्याला वेळ लागतो, आणि मॉडेल एकदाच वापरलं जाणार असेल तर तो खर्च निघत नाही. मी तरी आता मॉडेल हातात आलं की आधी तापमानाची रेंज विचारतो, तीही लेखी.