छऱ्याची जखम : रुग्णालयात खरं सांगा, खरंच लिहून घ्या

यवतमाळ जिल्ह्यात वानर, रानडुक्कर आणि रोही यांनी शेतकऱ्याला सळो की पळो करून सोडलं आहे. त्यांना हुसकावण्यासाठी काही घरांत छऱ्याची बंदूक, म्हणजे एअरगन ठेवलेली असते. जत्रेत आणि उरुसात फुगे फोडण्याच्या दुकानावरही तीच दिसते. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या एअरगनला परवाना लागत नाही. म्हणून ती खेळण्यासारखी वाटते. पण तिचा छरा डोळा फोडू शकतो.

अशी दुर्घटना घडली की घरचे दोन गोष्टींना घाबरतात : मुलाच्या डोळ्याला आणि पोलीस केसला. मग दवाखान्यात सांगितलं जातं, ‘खेळताना काडी लागली.’ हे खोटं सर्वांत आधी मुलालाच महागात पडतं. छऱ्याचं छिद्र टाचणीएवढं असू शकतं आणि छरा खोल आत बसलेला असू शकतो. काडी लागली असं ऐकल्यावर एक्स-रे राहून जाऊ शकतो. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली आणि आत लोखंडी छरा असला, तर त्या यंत्राच्या चुंबकाने तो जागचा हलू शकतो.

आता कागदाकडे पाहू. डॉक्टर केसपेपरवर जे लिहितात, त्यावरून रेकॉर्ड विभाग जखमेला आंतरराष्ट्रीय संकेतांक देतो. या पद्धतीला आयसीडी-१० म्हणतात. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवतात : जखम काय आणि ती झाली कशी. डोळ्यात छरा रुतला असेल तर एस ०५.५, छरा आत नसेल, पण डोळा भेदला गेला असेल तर एस ०५.६. अपघाताने एअरगन सुटली असेल तर डब्ल्यू ३४. त्यापुढचा आकडा जागा सांगतो : घर असेल तर ०, शेत असेल तर ७. कुणी मुद्दाम झाडली असेल तर संकेतांक बदलतो, आणि हेतू ठरवताच येत नसेल तर आणखी वेगळा. केसपेपरवर नुसतं ‘डोळ्याला इजा’ लिहिलं असेल, तर एअरगन कागदावरून गायब होते. मग जिल्ह्यात अशी किती मुलं जखमी होतात, हेही कुणाला कळत नाही.

पोलिसांच्या भीतीचं काय? अशा जखमेची नोंद रुग्णालय सहसा एमएलसी म्हणून करतं आणि पोलिसांना कळवतं. पण एमएलसी म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नव्हे. ती फक्त वैद्यकीय नोंद आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्याने गुन्हाच ठरत नाही. आणि पोलिसांच्या कागदांसाठी उपचार थांबवता येत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलं आहे की जखमीचा जीव वाचवणं आधी, कायद्याचे सोपस्कार नंतर. हे सरकारी आणि खाजगी, दोन्ही डॉक्टरांना लागू आहे.

म्हणून अम्मी-अब्बांनी एवढं लक्षात ठेवावं. डोळा चोळू नका, दाबू नका, धुऊ नका, छरा काढायला जाऊ नका. कागदी पेला दाब न देता वरून झाकून धरा. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून काही खाऊ-पिऊ घालू नका. यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की जवळचं रुग्णालय, लगेच गाठा. तिथे चार गोष्टी स्पष्ट सांगा : एअरगन होती, किती अंतरावरून सुटली, कुठे घडलं, चुकून घडलं की कसं. छऱ्याची डबी सापडली तर सोबत न्या. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

सुटी मिळताना डिस्चार्ज कार्ड वाचून घ्या. त्यावर एअरगन लिहिलं आहे का? डावा की उजवा डोळा? छरा काढला की आत आहे? काही राहिलं असेल तर तिथेच लिहून मागा. एक्स-रे आणि कार्ड जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ते दाखवावं लागेल.

आणि बंदूक घरात असेलच, तर ती छऱ्यांपासून वेगळी, कुलपात ठेवा.