जीप उंच झाली, पण...

दसऱ्याच्या दिवशी आमच्या वसमतमध्ये घरोघरची वाहने धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून ओळीने उभी असतात. गेल्या दसऱ्याला त्या ओळीत एक वाहन असे होते, की त्याला हार घालायला शिडीच आणावी लागते की काय, अशी शंका यावी. ती होती माझ्या भाच्याची जुनी जीप. पुढे-मागे कमानपाटे असलेली, तापट, पण इमानी. एका मोठ्या शहरातल्या गॅरेजात आठ दिवस मुक्काम करून ती चांगली वीतभर उंच होऊन आली होती. टायरही नवे, जाडजूड. गल्लीतली मुले भोवती नाचत होती. माझी आक्का मात्र पाटावर पाय देऊन चढता चढता म्हणाली, "घोड्यावर बसायचं माझं वय राहिलं का रे आता?"

भाच्याचे म्हणणेही खोटे नव्हते. त्याचे शेत पूर्णेकडच्या शिवारात. जमीन काळी. पावसाळ्यात पाणंदीचा रस्ता म्हणजे नुसता गारा होतो. आपण 'चाकोरी' हा शब्द कंटाळवाण्या आयुष्याला लावतो. पण पाणंदीतली खरी चाकोरी ज्याने पाहिली आहे, तो हा शब्द इतक्या सहजपणे वापरणार नाही. ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या त्या खोल चरात जीपचे पोट टेकते आणि चाके जागच्या जागी फिरत राहतात. "मामा, पोट वर गेलं की काम झालं," असे त्याचे साधे गणित होते.

हे गणित चुकले आहे, हे आम्हांला औंढ्याच्या वाटेवर कळले. नागनाथाच्या दर्शनाला निघालो होतो. मी पुढे, आक्का आणि दोन नातवंडे मागे. गाडी साठाच्या वेगात असताना एक लहानसा खड्डा आला. खड्डा गेला, पण त्याचा हादरा गेला नाही. स्टेअरिंग भाच्याच्या हातात डावी-उजवीकडे आपटू लागले, पुढची चाके अंगात आल्यासारखी थरथरू लागली आणि गाडी आपल्याच मनाने मधल्या पट्ट्याकडे निघाली. समोरून उसाची ट्रॉली येत होती. भाच्याने जोराचा ब्रेक मारला नाही, ॲक्सिलेटर सोडला, हेच आमचे नशीब. वेग उतरला, थरथर थांबली, आणि एका बाभळीखाली गाडी उभी राहिली. कोणी काही बोलले नाही. धाकट्या नातीने तेवढे विचारले, "मामा, गाडीला थंडी वाजली का?"

सायकलचा धडा

दुसऱ्या दिवशी आम्ही गावातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिले आणि म्हणाले, "सर, तुमच्या भाच्यानं गाडी उचलली. पण पुढच्या चाकाला कुणी विचारलंच नाही."

मी मराठीचा अध्यापक. भूमितीचा आणि माझा संबंध मॅट्रिकनंतर सुटलेला. पण वृत्ते मी रोज शिकवतो. एका लघूच्या जागी गुरू बसवला, तर शब्द कितीही सुंदर असो, ओळ अडखळते. चाकांचेही नेमके तसेच असते, हे मला त्या पत्र्याच्या शेडमध्ये समजले.

मिस्त्रींनी कोपऱ्यातली सायकल घेतली, तिचे फक्त सीट धरले आणि ती ढकलली. हँडल मोकळे, तरी सायकल सरळ चालली. का? तर तिचा पुढचा फाळका तिरका असतो. त्या तिरक्या रेषेत सोटा जमिनीपर्यंत नेला, तर तो चाक जिथे टेकते त्याच्या थोडा पुढे जमिनीला लागतो. म्हणजे चाक त्या बिंदूच्या मागून फरफटत येते. आणि जे मागून फरफटते, ते आपोआप ओढीच्या दिशेला सरळ होते. मोटारीच्या पुढच्या चाकालाही हाच तिरकेपणा दिलेला असतो. त्याला 'कॅस्टर' म्हणतात.

हा तिरकेपणा किती? जुन्या विलीज जीपला फक्त ३ अंश. तेवढ्यामुळे फरफटीचे अंतर जेमतेम दोन सेंटीमीटर होते. वळण संपल्यावर स्टेअरिंग हातातून सरकत आपोआप सरळ होते ना, त्या सुखाचा मोठा वाटा या दोन सेंटीमीटरांचा!

आता भाच्याच्या गॅरेजवाल्याने काय केले होते? कमानपाट्याचे एक टोक चासीला पक्के असते आणि दुसरे एका झुलत्या कडीला लटकते. तिला शॅकल म्हणतात. त्याने मूळच्या कड्या काढून पाच सेंटीमीटर लांब कड्या घातल्या. आपण समजू, गाडी पाच सेंटीमीटर उंच झाली. तसे नाही. पाट्याचे एकच टोक खाली गेले. एक्सल मध्यावर असतो, म्हणून उंची मिळाली अडीचच सेंटीमीटर. उलट सुमारे नव्वद सेंटीमीटर लांबीचा पाटा एका टोकाने पाच सेंटीमीटर झुकला, म्हणजे तीन अंश फिरला. कडी पुढच्या टोकाला असेल, तर पाट्याबरोबर एक्सलही नेमका नको त्या दिशेने फिरतो. अडीच सेंटीमीटरसाठी सगळा कॅस्टर गेला! चाकाला सरळ राहण्याचे कारणच उरले नाही.

दोन चाके, दोन कोन

पुढच्या चाकांची ही कटकट तशी फार जुनी. आपल्या बैलगाडीला ती नाही. तिला चाके दोनच. बैल वळले, की जू, साटी, सगळे एकदम वळते. चार चाकांच्या गाडीत मात्र वळणाच्या आतले चाक लहान वर्तुळात फिरते आणि बाहेरचे मोठ्या. दोन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद चाकांतर असलेली जीप पाच मीटर त्रिज्येत वळवायची, तर आतले चाक सुमारे २५ अंश आणि बाहेरचे २० अंश वळावे लागते. दोन्ही सारखी वळली, तर एक चाक घासतच जाणार.

म्युनिचच्या लँकेनस्पर्गर नावाच्या गाडी-कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर सांध्यांची युक्ती काढली. तिचे पेटंट १८१८ साली लंडनमध्ये रुडॉल्फ ॲकरमन यांनी नोंदवले. ते प्रकाशक होते. आज जगभर तिला 'ॲकरमन भूमिती' म्हणतात. लेखकाचे नाव मागे पडावे आणि प्रकाशकाचे राहावे, हा प्रकार साहित्यात तरी इतका ठळक घडलेला मला आठवत नाही.

गाडी उंच केल्याने ही युक्ती बिघडत नाही, असे मिस्त्री म्हणाले. दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड एक्सलबरोबरच वर-खाली होतो. त्याची दोन्ही टोके एकाच घरातली. बिघडतो तो दुसरा दांडा, ड्रॅग लिंक. त्याचे एक टोक चासीवरच्या स्टेअरिंग बॉक्सच्या आर्मला आणि दुसरे चाकाकडे. म्हणजे एक टोक माहेरी आणि एक सासरी. दोन्ही घरे सारख्या उंचीवर होती तोवर बरे होते. चासी वर गेली आणि दांडा उतरता झाला.

त्याने काय होते, तेही मिस्त्रींनी जमिनीवर खडूने काढून दाखवले. हिशेब मी घरी येऊन केला. दांडा साठ सेंटीमीटरचा धरा. तो आडवा असताना चाक पाच सेंटीमीटर वर उचलले गेले, तर दांड्याचे टोक बाजूला सरकते फक्त दोन मिलिमीटर. चासी दहा सेंटीमीटर उंच केली असेल, तर त्याच धक्क्याला ते सहा मिलिमीटरांहून अधिक सरकते. आणि चाक तितकेच खाली गेले तर जवळजवळ अकरा. म्हणजे खड्डा आला की तुम्ही स्टेअरिंगला हात न लावताही दांडा चाक वळवतो! आमच्या जीपला त्या खड्ड्यात वळवणारा भाचा नव्हता, हा दांडा होता. आणि वळलेल्या चाकाला परत सरळ आणणारा कॅस्टर आधीच गेलेला. शिवाय किंगपिनचे बेअरिंग झिजलेले. मग जड टायर डोलू लागले, ते थांबेनात.

दुरुस्तीचा क्रम

उपाय आहे, पण त्याला क्रम आहे. मिस्त्रींनी आधी झीज शोधली. एकाला स्टेअरिंग हलवायला लावून स्वतः खाली प्रत्येक सांध्यावर हात ठेवला. जो सांधा हाताला 'टक' करतो, तो बदलायचा. किंगपिनची बेअरिंगे बदलली, चाकांचा तोल करून घेतला. भाचा म्हणाला, "स्टेअरिंगला डँपर बसवू, थरथर थांबेल." मिस्त्री हसले. "ताप हाय तव्हा थर्मामीटर फोडायचं का?" डँपर थरथर दाबतो, तिचे कारण तसेच राहते.

मग कॅस्टर. लांब कड्या काढून मूळ मापाच्या घातल्या. राहिलेली उंची जास्त बाक दिलेल्या पाट्यांची होती. एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये पाचरीसारख्या पोलादी पट्ट्या बसवून किंगपिनचा वरचा भाग मागे कलवला आणि यू-बोल्ट आवळले. इथेही फुकट काही मिळत नाही. कॅस्टर वाढवला, की पुढच्या डिफरन्शियलचे तोंड खाली झुकते आणि प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याचा कोन बिघडतो. म्हणून पाचर हवी तेवढीच.

नंतर ड्रॅग लिंक. ती पुन्हा होता होईल तो आडवी करायची. त्यासाठी स्टेअरिंग बॉक्सवर खाली उतरता आर्म बसवतात, नाहीतर दांड्याचे चाकाकडचे टोक वर उचलून घेतात. उतरत्या आर्मने बॉक्सवर ताण वाढतो, हे लक्षात ठेवायचे. आर्म गरम करून ठोकून वाकवायचा मात्र कधीही नाही; तो तुटला, तर हातात नुसते चक्र राहते.

सर्वांत शेवटी टो-इन, म्हणजे चाकांची तोंडे आत किती वळलेली ते. दोन्ही टायरांच्या मध्यावर खडूची खूण करून पुढून अंतर मोजायचे, गाडी अर्धा फेरा पुढे सरकवून त्याच खुणांवर मागून मोजायचे. विलीजला पुढचे अंतर साधारण एक ते अडीच मिलिमीटर कमी लागते. ब्रेकचे पाइप चाक पूर्ण लोंबल्यावर ताणत नाहीत ना, हेही पाहिले.

पुढे स्वतंत्र स्प्रिंगांच्या नव्या गाड्यांचे गणित आणखी नाजूक. महिंद्राच्या आजच्या थारमध्ये पुढचा अखंड एक्सल नाही. तिथे गाडी उंच केली, की दोन्ही बाजूंचे टाय रॉड उतरते होतात आणि टो-इनच बदलते. चाकाचा उभेपणाही ढळतो. मशीनवर अलाइनमेंट केल्याशिवाय अशी गाडी गॅरेजातून बाहेर काढू नये.

मिळाले किती?

एका मोकळ्या मैदानावर भाच्याने जीप फिरवली. हात सोडले तरी सरळ! तो खूश झाला. मग मिस्त्रींनी त्याला खाली वाकायला लावले आणि पुढच्या एक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा दाखवला. "चिखलात पहिलं टेकतंय काय? हे. हे किती उचललं?"

पाट्यांनी चासी उंच होते, एक्सल नाही. तो उचलतात ते फक्त टायर, आणि तेही त्यांचा व्यास जितका वाढला त्याच्या निम्म्याने. पाच सेंटीमीटर मोठे टायर घातले, तर गोळा अडीच सेंटीमीटर वर. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप! आणि वर गेलेल्या वजनामुळे वळणावर उलटण्याची भीती वाढली, ती वेगळीच.

कायद्याचे भान मात्र मिस्त्रींनी नव्हे, माझ्या एका वकील मित्राने दिले. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल वाहनमालकाला करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. मला ते पटले. मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली. त्यानंतर तहसीलदारांपासून निवडणुकीच्या उमेदवारांपर्यंत सर्वांना या जीपने मराठवाड्याच्या चिखलातून नेले, ते तिच्या मूळ उंचीवर.

अक्षय्य तृतीयेच्या आत भाच्याने जीप खाली उतरवली. उतरवतानाही तीच सगळी उजळणी करावी लागली. पाचरी काढल्या, जुना आर्म परत आला, टो-इन पुन्हा मोजले. शेतासाठी त्याने खोल नक्षीचे, पण मूळ मापाचे टायर घेतले आणि शेजाऱ्यांना गोळा करून पाणंदीत मुरूम टाकायचे मनावर घेतले.

परवा आम्ही पुन्हा औंढ्याला जाऊन आलो. आक्का पाटाशिवाय चढली. तो खड्डा अजून तसाच आहे. गाडी त्यात गेली, उसळली आणि सरळ पुढे निघाली. भाच्याने माझ्याकडे पाहिले. धाकटी नात मागे आजीच्या मांडीवर झोपली होती. तिला काहीच कळले नाही.