टेरिअर कुत्रा आणि उंदरांची शिकार : खोड की स्वभाव?



"आपल्याकडे कुत्रा आणूया ना!" हा हट्ट बहुतेक घरांत कधी ना कधी होतोच. लहान चणीचा, चपळ, दिसायला गोड म्हणून काही घरांत जॅक रसेल टेरिअर आणला जातो. मग तक्रारी सुरू होतात. कुंड्या उकरतो, कपाटाखाली नाक खुपसून भुंकत बसतो, उंदीर दिसला की कुणाचं म्हणून ऐकत नाही. "फार वाह्यात आहे" म्हणत त्याला साखळीला बांधलं जातं. खरं तर तो वाह्यात नसतो. माणसाने ज्या कामासाठी त्याला घडवलं, तेच काम तो करत असतो. ते काम कोणतं आणि घरात ते कसं सांभाळायचं, हे आज समजून घेऊ.

नावातच माती आहे

'टेरिअर' हा शब्द 'टेरा' म्हणजे जमीन या लॅटिन शब्दावरून आला. जमिनीखालच्या बिळात शिरून शिकार बाहेर काढणारा, तो टेरिअर. या जाती मुख्यतः ब्रिटनमध्ये तयार झाल्या. तिथल्या शेतांवर, धान्याच्या कोठारांत आणि गिरण्यांत उंदीर मारायला त्यांना पाळत.

जॅक रसेल हे नाव इंग्लंडमधील डेव्हन परगण्याचे धर्मगुरू जॉन रसेल यांच्यावरून पडले. 1819 मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याकडून 'ट्रम्प' नावाची पांढरी टेरिअर कुत्री विकत घेतली. तिच्यापासून पुढे त्यांनी कोल्ह्याला बिळातून हुसकणारे कुत्रे तयार केले. आजचा जॅक रसेल साधारण 25 ते 30 सेंटिमीटर उंच आणि 5 ते 6 किलो वजनाचा असतो. अंग लहान, पण उत्साह दिवसभर रानात राबणाऱ्याचा!

तो ऐकत का नाही?

शिकारीच्या पायऱ्या असतात : शोधणे, दबा धरणे, पाठलाग करणे, पकडणे, मारणे. माणसाने वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या पायऱ्या ठळक केल्या. मेंढ्या राखणारा कुत्रा नजर रोखतो, धावतो, पण चावत नाही. पाण्यातून पक्षी आणणारा कुत्रा तो अलगद तोंडात धरतो. टेरिअर मात्र शेवटच्या पायरीपर्यंत जातो. उंदीर धरतो, जोरात झटकतो, की काम संपलं. शिवाय बिळाच्या अंधारात मालक सोबत नसे, निर्णय कुत्र्यानेच घ्यायचा असे. आपण ज्याला हट्टीपणा म्हणतो, ती खरी त्याची स्वयंपूर्णता आहे. मारून किंवा ओरडून ती जात नाही.

खरा धोका कुठे आहे?

"बरंच आहे की, उंदीर मारेल!" असं वाटेल. पण तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा.

1) उंदराचे औषध : घरात टेरिअर असेल तर विषारी वड्या वापरू नका. ब्रोमाडायोलोनसारख्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते. कुत्र्याने वडी खाल्ली किंवा विष खाल्लेले उंदीर खाल्ले, तरी त्याला बाधा होऊ शकते. लक्षणे काही दिवसांनी दिसतात, म्हणून वाट न बघता लगेच पशुवैद्य गाठा. वेळेवर गेल्यास 'के' जीवनसत्त्वाने उपचार होतात. झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लाशी मिसळून विषारी वायू बनवते. त्यावर उतारा नाही. शेजाऱ्यांनी किंवा सोसायटीने औषध टाकलंय का, हेही विचारा. त्यापेक्षा पिंजरा बरा.

2) लेप्टो : उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हा आजार माणसांनाही होतो. कुत्र्याला दरवर्षी लस द्या. उंदीर धरल्यानंतर त्याचं तोंड मुलांना चाटू देऊ नका. मेलेला उंदीर हातमोजे घालूनच उचला.

3) साप : जिथे उंदीर, तिथे साप. टेरिअर नागापुढेही मागे हटत नाही. बिळाशी वेगळाच भुंकू लागला तर त्याला बांधून घरात घ्या आणि सर्पमित्राला बोलवा.

आणि हो, एक टेरिअर घरचे सगळे उंदीर संपवेल ही आशा सोडा. उंदरीची पिल्लं तीन आठवड्यांत जन्मतात! उघडा कचरा, सांडलेलं धान्य आणि मोरीच्या फटी बंद करणं, हे काम आपलंच.

मग काय करायचं?

• रोज दोन वेळा फिरवा आणि वाटेत मनसोक्त हुंगू द्या. हुंगणे हेही त्याच्यासाठी काम आहे.
• एका टबात माती किंवा वाळू भरून त्यात खाऊ पुरा. "उकरू नको" म्हणण्याऐवजी "इथे उकर" म्हणा.
• जुन्या दोरीने रस्सीखेच खेळा. "सोड" म्हटल्यावर सोडलं की लगेच खाऊ द्या. ही सवय एक दिवस त्याचा जीव वाचवेल.
• बाहेर पट्टा सोडू नका. मुंगूस आणि घोरपड यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्याला ते कळत नाही, आपल्याला कळायला हवं.
• ससा, हॅमस्टर किंवा पक्षी घरात असेल तर टेरिअर आणूच नका.

अमेरिकेत यासाठी एक खेळच आहे. गवताच्या पेंढ्यांत हवेशीर, बंद नळीत उंदीर सुरक्षित ठेवतात. कुत्र्याने फक्त तो शोधून दाखवायचा. उंदराला इजा नाही, कुत्र्याचं समाधान पूर्ण! घरी खाऊ भरलेले खोके जुन्या कपड्यांत लपवून हाच खेळ करता येतो.

वर्गासाठी उपक्रम

मुलांना आपल्या परिसरातील कुत्र्यांचे निरीक्षण करायला सांगा. कोण हुंगतो, कोण उकरतो, कोण राखण करतो? लांबूनच बघायचं, हात लावायचा नाही. नंतर 'स्वभाव आणि काम' यावर दहा ओळी लिहून घ्या. छान चर्चा होते.

पालकहो, टेरिअर साधारण 12 ते 15 वर्षे जगतो. आज पाचवीत असलेलं तुमचं मूल कॉलेज संपवून नोकरीला लागेल, तेव्हाही त्याला रोज फिरवावं लागेल. तेवढा वेळ असेल तर जरूर आणा. नसेल, तर मुलाला तसं स्पष्ट सांगा. साखळीला बांधलेल्या टेरिअरपेक्षा मुलाचं दोन दिवसांचं रुसणं परवडलं.