खर्च एकाचा, धोका दुसऱ्याचा

भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत १० अर्भके मृत्युमुखी पडली. वास्तविक महाराष्ट्रात २००६ सालचा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार दर वर्षी जानेवारीत व जुलैत अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करणे, ही इमारतीच्या मालकाची वा भोगवटादाराची जबाबदारी होय. मग ही अनास्था कशामुळे? अर्थशास्त्राचे उत्तर सरळ आहे : खर्च मालकाला करावा लागतो, धोका मात्र आत वावरणाऱ्यांच्या वाट्याला येतो. मुरबाडपलीकडच्या टोकावड्यासारख्या गावी शहरातून बंब येईपर्यंत फार उशीर होणार. तेथे भरलेला अग्निशामक सिलिंडर आणि मोकळा जिना हाच पहिला आधार. म्हणूनच भाडेकरूंनी, पालकांनी, रुग्णांच्या नातलगांनी हे प्रमाणपत्र मागितले पाहिजे. मागणीवाचून पुरवठा नाही, हे सुरक्षिततेच्या बाबतीतही तितकेच खरे आहे.