रसिक, तोतया आणि पिच्छा



स्मृतिव्याख्यानासाठी साहित्याच्या प्राध्यापकाला बोलावले की त्याने संतांवर किंवा नाटककारांवर बोलावे, अशी अपेक्षा असते. आजचा विषय मात्र वरवर पाहता पोलीस ठाण्यातला वाटेल. खोटे नाव, खोटे छायाचित्र आणि खोटी ओळख धारण करून समाजमाध्यमांवर कोणाला तरी जाळ्यात ओढणे आणि गाणाऱ्या, लिहिणाऱ्या, अभिनय करणाऱ्या माणसाचा त्याच्याच चाहत्याने पिच्छा पुरवणे, या दोन गोष्टींविषयी मला बोलायचे आहे. विषय नवा वाटला तरी त्याचे मूळ कलावंत आणि रसिक यांच्या नात्यात आहे, आणि या नात्याचा विचार आपल्या परंपरेने फार बारकाईने केलेला आहे.

पूर्वी कलावंत होण्यासाठी रंगमंच, आकाशवाणी किंवा छापखाना लागत असे. आज धारच्या किंवा देवासच्या एखाद्या घरातील मुलगी मधल्या खोलीत बसून भजन म्हणते, ते मोबाईलवर मुद्रित करते आणि संध्याकाळपर्यंत हजारो अनोळखी माणसे ते ऐकतात. ही मोठी सोय आहे, यात शंका नाही. परंतु नामांकित कलावंताभोवती व्यवस्थापक, संस्था, पहारेकरी असतात. या मुलीभोवती कोणीही नसते. तिच्या वाट्याला कौतुक येते तसा उपद्रवही येतो, आणि तो आला की घरातली पहिली सूचना बहुधा हीच असते : ‘बंद कर ते गाणे.’ गुन्हा एकाने करावा आणि आवाज दुसऱ्याचा बंद व्हावा, ही या विषयातली खरी हानी होय.

या उपद्रवाचे तीन प्रकार वेगळे करून पाहिले पाहिजेत. पहिल्यात तोतया कलावंताचे नाव घेऊन चाहत्यांना फसवतो. दुसऱ्यात चाहताच तोतया बनून कलावंताला फसवतो. तिसऱ्यात मुखवटाही गळून पडतो आणि उघड पाठलाग सुरू होतो.

पहिल्या प्रकारासाठी मराठीत ‘तोतया’ हा नेमका शब्द आहे आणि त्यामागे इतिहासही आहे. १७६१ च्या पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. धारचे यशवंतराव पवारही त्याच रणात कामी आले. त्यामुळे त्या दुःखाची झळ माळव्यालाही लागली होती. भाऊसाहेब गेले हे पुष्कळांच्या मनाने मान्य केलेच नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत पतीची वाट पाहत राहिल्या. लोकांच्या या आशेवरच भाऊंचा तोतया उभा राहिला. त्याच्यामागे माणसे जमली, बंड झाले, आणि अखेर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी याच प्रसंगावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. तोतया स्वतःच्या कौशल्यावर जितका जगतो, त्याहून अधिक तो फसणाऱ्याच्या इच्छेवर जगतो, असे या इतिहासावरून दिसते. आवडत्या गायकाच्या नावाच्या खोट्या खात्यावरून ‘तुमची दाद मला फार आवडली’ असा निरोप येतो, तेव्हा चाहता पुरावा मागत नाही. कारण तो निरोप खरा असावा, असे त्याला मनापासून वाटत असते. पुढे पैशाची मागणी येते.

आता या तोतयाला यंत्राचीही जोड मिळाली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कोणाचाही आवाज हुबेहूब काढता येतो. २०२४ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांचा आवाज व नाव अशा रीतीने वापरण्यास अंतरिम मनाई केली आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने तसेच संरक्षण दिले. आवाज ही माणसाची ओळख आहे, हे तत्त्व त्यामुळे ठळक झाले.

दुसऱ्या प्रकारासाठी धारेहून दूर जाण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकातील बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’त आणि लोकांच्या तोंडी एक कथा आहे. कालिदास आणि अकराव्या शतकातला भोज समकालीन नव्हते, हे आपण जाणतो. म्हणून ती इतिहास म्हणून न घेता कथा म्हणूनच घ्यावी. आपल्या मृत्यूनंतर कालिदास काय म्हणेल, हे जिवंतपणीच ऐकण्याची इच्छा भोजाला झाली. कवीने त्या मागणीला नकार दिला आणि रागावून तो धारा सोडून गेला. तेव्हा राजा वेष पालटून त्याच्या गावी पोहोचला आणि ‘भोज मरण पावला’ अशी खोटी वार्ता त्याने दिली. कवीच्या तोंडून विलापाचा श्लोक बाहेर पडला आणि तो ऐकताच राजा कोसळला. कवीने त्याला ओळखले आणि श्लोकाचे शब्द बदलून मंगल केले, तेव्हा राजा सावध झाला, असा शेवट सांगतात.

कवीच्या वाणीचे सामर्थ्य दाखवण्यासाठी आपण ही कथा सांगत आलो. आजच्या दृष्टीने पाहिल्यास तिच्यातली दुसरी बाजू लक्षात येते. भोज हा शत्रू नव्हता. तो कालिदासाचा सर्वांत मोठा चाहता होता. कवीने स्पष्टपणे नाकारलेली गोष्ट त्याने वेषांतर करून आणि कवीला दुःखात लोटून मिळवली. खोट्या नावाने गायिकेशी मैत्री जोडणारा, लेखकाला खोटी संकटे कळवून त्याच्याकडून उत्तरे काढून घेणारा आजचा चाहता याहून वेगळे काय करतो ? समोरचा माणूस होकार देतो तो मुखवट्याला. मागच्या माणसाला तो होकार नसतोच.

येथे कोणी विचारील की, नटही सोंगच घेतो. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या, त्याही फसवणूक का ? नव्हे. प्रेक्षक तिकीट काढून, जाणूनबुजून त्या मायेत शिरतो आणि पडदा पडला की बाहेर येतो. समोरच्याच्या माहितीने घेतलेले सोंग ही कला, आणि त्याच्या अजाणतेपणावर उभे केलेले सोंग ही तोतयेगिरी.

चाहता या थराला का जातो, याचे उत्तर आपल्या रसचर्चेत सापडते. भट्टनायकाने ‘साधारणीकरण’ ही संकल्पना मांडली आणि अभिनवगुप्ताने ती पुढे विकसित केली. रंगभूमीवरचा शोक हा नटाचा नसतो, माझा नसतो, शेजाऱ्याचाही नसतो. तो व्यक्तीच्या बंधनातून सुटून सर्वांचा होतो, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. पछाडलेल्या चाहत्याच्या बाबतीत ही प्रक्रियाच मोडते. सर्वांसाठी गायलेले विरहगीत आपल्याला उद्देशूनच गायले आहे, असे त्याला वाटू लागते. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी संशोधकांनी दूरचित्रवाणीसंदर्भात याच एकतर्फी जवळिकीचे वर्णन केले. प्रेक्षकाला निवेदक घरचा वाटतो. निवेदकाला प्रेक्षक ठाऊकही नसतो. ही जवळीक बहुतेकांच्या बाबतीत निरुपद्रवी असते. तिला हक्काचे रूप आले की ती घातक होते.

मैफलीत या हक्काला आपोआप मर्यादा पडत असे. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाच्या आजारात देवासला आले आणि येथलेच झाले. त्यांचे गाणे समोर बसून ऐकणाऱ्या श्रोत्याला चेहरा होता, नाव होते, शेजारी ओळखीची माणसे होती. मोबाईलच्या पडद्याने ही तिन्ही बंधने काढून टाकली; श्रोता अंधारात एकटा राहिला आणि कलावंत मात्र संपूर्ण उजेडात.

तिसरा प्रकार पाठलागाचा. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त, आपल्या शेजारच्या उज्जयिनीत, राजाचा मेहुणा शकार वसंतसेनेच्या मागे लागतो. ती नकार देते. तो नकार त्याच्या कानात शिरतच नाही. शेवटी तो तिचा गळा दाबतो, ती मेली असे समजून निघून जातो आणि आळ चारुदत्तावर घालतो. शकार विनोदी पात्र म्हणून आपण हसतो, पण त्याच्या वृत्तीत हसण्यासारखे काही नाही. १९८९ मध्ये लॉस एंजेलिसला रेबेका शेफर या तरुण अभिनेत्रीची एका चाहत्याने तिच्या दारात हत्या केली. तिचा पत्ता त्याने खासगी गुप्तहेराकरवी वाहननोंदणीच्या दप्तरातून मिळवला होता. त्यानंतर १९९० मध्ये कॅलिफोर्नियाने पाठलागविरोधी कायदा केला. १९९३ मध्ये हॅम्बुर्गला मोनिका सेलेसवर भर मैदानात चाकूहल्ला झाला, तो तिच्या प्रतिस्पर्धी खेळाडूच्या चाहत्याकडून. त्यानंतर सेलेस दोन वर्षांहून अधिक काळ स्पर्धांबाहेर राहिली. २०२० च्या ऑक्टोबरात मुंबईत वर्सोव्याला एका दूरचित्रवाणी अभिनेत्रीवर चाकूचे वार झाले. समाजमाध्यमावरून ओळख, मग लग्नाचा आग्रह, मग नकार आणि मग हल्ला, असा तो क्रम होता.

कायदा आता निःशस्त्र नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या ‘६६-सी’ व ‘६६-डी’ या कलमांनी अनुक्रमे दुसऱ्याची ओळख चोरणे आणि संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवणे हे गुन्हे ठरवले असून, दोहोंना तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने अनिच्छा स्पष्ट केल्यावरही पुनःपुन्हा संपर्क साधणे किंवा तिच्या आंतरजालावरील वावरावर पाळत ठेवणे हा गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाव लपवून धमकी देणाऱ्याला कलम ३५१ मध्ये वाढीव शिक्षा आहे; हे संरक्षण पुरुष कलावंतांनाही मिळते.

व्यवहारात काय करावे ? नकार एकदाच, निःसंदिग्ध शब्दांत द्यावा आणि नंतर उत्तर देऊ नये. पन्नासाव्या निरोपाला वैतागून जरी उत्तर दिले, तरी पन्नास निरोप पाठवले की उत्तर मिळते, हेच तो माणूस शिकतो. निरोप पुसून टाकू नयेत. तारीख, वेळ आणि खात्याचे नाव दिसेल अशी त्यांची चित्रे जपून ठेवावीत. घराचा दर्शनी भाग, शाळेचा गणवेश, रोजच्या जाण्यायेण्याची वाट चित्रीकरणात येऊ देऊ नये. तक्रार सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा जवळच्या ठाण्यात करता येते. पैसे गेले असतील तर १९३० हा क्रमांक त्वरित फिरवावा.

आणि अनोळखी स्नेही खरा की खोटा, हे कसे ओळखावे ? नलोपाख्यानात स्वयंवरमंडपात चार देव नलाचे रूप घेऊन बसतात. दमयंतीने नल ओळखला तो त्याच्या मानवी खुणांवरून : त्याला घाम येत होता, पापण्या लवत होत्या, माळ कोमेजली होती, पाय जमिनीला टेकले होते आणि सावली पडत होती. देवांच्या रूपात यातले काहीच नव्हते. आजही कसोटी तीच आहे. जो समोरासमोर बोलणे सतत टाळतो, ज्याला ओळखणारे कोणी भेटत नाही, ज्याच्या बोलण्यात कधीच काही कोमेजत नाही, त्याची सावली शोधावी.

माजी विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण आज आईवडील, आजीआजोबा, शिक्षक आहेत. त्यांना एवढीच विनंती की, घरातल्या गाणाऱ्या मुलीने किंवा लिहिणाऱ्या मुलाने अशी गोष्ट भीत भीत सांगितली, तर ‘तू कशाला तिथे गेलीस’ हा प्रश्न आधी विचारू नका. तिच्यासोबत बसा, पुरावे जमवा, ठाण्यात बरोबर जा. आणि आपण स्वतः रसिक असू, तर एवढे लक्षात ठेवावे की दाद देण्याचा आपला अधिकार गाण्यापुरता आहे. गाणाऱ्यावर तो पोहोचत नाही.