कपातला मोगरा

जास्मिन टीच्या पाकिटावर कुठल्याही फुलाचं चित्र असो, आतला वास मोगऱ्याचा असतो. वनस्पतिशास्त्रात ज्याला जास्मिनम सॅम्बॅक म्हणतात तेच हे झुडूप. जव्हार-विक्रमगडकडे ज्याच्या वाड्या आहेत, दादरच्या फूलबाजारात ज्याच्या कळ्या पहाटे ओल्या फडक्याखालून बाहेर निघतात, त्याचेच भाऊबंद चीनमधल्या फूचौ शहराभोवती शतकानुशतकं चहासाठी लावले जात आहेत. गंमत पुढेच आहे. चांगल्या जास्मिन टीत मोगरा जवळजवळ नसतोच. पानं ताटात पसरून बघा; एखादी वाळकी पाकळी सापडली तर सापडली. फूल येऊन गेलं, वास तेवढा राहिला.

हे कसं होतं ते सांगण्याआधी एक प्रयोग करून घ्या. जास्मिन टीचा एक कप आणि साध्या ग्रीन टीचा एक कप, दोन्ही कोरे, शेजारी शेजारी ठेवा. नाक चिमटीत घट्ट धरून दोन्हींचा एकेक घोट घ्या. जरासं कडवट, जरासं तुरट, यापलीकडे काही हाती लागत नाही. कुठला कप कुठला तेही सांगता येत नाही. आता जास्मिनचा घोट तोंडात असतानाच चिमूट सोडा. मोगरा एकदम प्रकटतो, आणि तो जिभेवरच प्रकटला अशी आपली पक्की खात्री होते.

जिभेला मोगरा कळत नाही. तिला गोड, आंबट, खारट, कडू आणि जपान्यांनी उमामी म्हटलेली ती रश्श्यासारखी चव, एवढंच कळतं. तुरटपणाचं तर आणखी वेगळं. आपल्या षड्रसांत त्याला मानाचं पान आहे. आधुनिक शरीरशास्त्र मात्र तो बहुतांशी स्पर्शाच्या खात्यात टाकतं. चहातली पॉलिफेनॉल्स लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासल्यासारखी वाटते. बाकी जे काही आपण ‘चहाची चव’ म्हणून वाखाणतो ते घशामागच्या वाटेने नाकात चढलेलं असतं. तिथे गंध टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक आहेत. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सल यांनी १९९१ साली शोधली आणि २००४चं नोबेल मिळवलं. चहा भुरके मारत पिऊ नये असं ज्यांना लहानपणी बजावलं गेलं, त्यांनी एकदा व्यावसायिक टी-टेस्टरला चाखताना ऐकावं. चमचाभर चहा तो एवढ्या जोरात ओढतो की त्याचे तुषार थेट घशाच्या मागे उडतात. भुरका हे तिथे कामाचं हत्यार आहे.

आता फूचौकडे. चहाची पानं वसंतात खुडतात, मोगरा फुलतो उन्हाळ्यात. म्हणून चहा आधी तयार करून ठेवतात आणि तो फुलांची वाट बघत बसतो. मोगरा आपल्या अंगणात काय किंवा फूचौला काय, रात्रीच उमलतो. कळ्या दुपारच्या उन्हात, फुगलेल्या पण मिटलेल्या असताना तोडायच्या, घरात आणून ढीग घालायचा, आणि ढीग आतून तापू लागला की तो उपसून पसरायचा. संध्याकाळ उलटली की त्या तोंड उघडू लागतात. नेमक्या त्या वेळी फुलं आणि कोरडा चहा एकमेकांत मिसळून रास करतात. रात्रभर फुलं श्वास सोडतात आणि चहा तो पितो. रासही तापते, म्हणून मध्यरात्री पुन्हा पसरून थंड करावी लागते. एका अंशाचा हिशेब चुकला तर मोगऱ्याऐवजी कुजक्या फुलांचा वास बसायचा. सकाळी मलूल झालेली फुलं चाळून काढतात. चहाने वासाबरोबर फुलांचं पाणीही घेतलेलं असतं, त्यामुळे तो पुन्हा आचेवर सुकवतात. मग नवी फुलं, नवी रात्र. उंची चहाच्या वाट्याला अशा पाच-सहा किंवा त्याहूनही जास्त रात्री येतात. मोगऱ्याची झुडपं, चहाचे मळे आणि ही रात्रपाळीची विद्या या सगळ्यालाच संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. पाकिटात पाकळ्या भरपूर दिसल्या म्हणून हरखून जाऊ नका. त्यांचा वास आधीच काढून घेतलेला असतो. त्या बहुधा शोभेपुरत्या असतात.

सुकलेलं चहाचं पान आतून सच्छिद्र असतं आणि ओल, वास जे मिळेल ते ओढून घेतं. त्याला आवडनिवड नाही. ज्या गुणामुळे मोगरा बसतो त्याच गुणामुळे हिंगही बसतो, म्हणून असा चहा मसाल्याच्या कपाटात कधीही ठेवू नये. फूचौच्याच प्रांतात, वूयी डोंगरातल्या तोंगमू गावी, लापसांग सूचोंग नावाचा चहा पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात. त्याचा कप नाकाशी नेला की चुलीपाशी बसल्यासारखं वाटतं. काही लोक त्याच्यावर जीव टाकतात. मला तो पावसाळ्यात आवडतो, एरवी नाही.

अर्ल ग्रे या चहाची रीत निराळी. तिथे रात्रभराची सोबत वगैरे काही नाही, सरळ तेल लावायचं. बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचं हे तेल. ते फळ इतकं आंबट-कडू की कोणी सोलून खात नाही, पण त्याची साल दाबली की जो सुगंध सुटतो त्यावर युरोपातले अत्तरवाले दोनतीनशे वर्षं जगले आहेत. जगातलं बहुतेक बर्गमॉट इटलीच्या टोकाला, कलाब्रियाच्या किनाऱ्यावर पिकतं. चहाला नाव मिळालं ते १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या अर्ल ग्रेंचं. एका चिनी अधिकाऱ्याने कृतज्ञतेने त्यांना ही कृती दिली अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पुरावा काही नाही. पुरावा असलेली गोष्ट दुसरीच आहे. ऑस्ट्रियातल्या एका ४४ वर्षांच्या गृहस्थांना स्नायूंत गोळे येऊ लागले. ते रोज चार लिटर अर्ल ग्रे पीत होते. साध्या काळ्या चहावर आल्यावर त्रास थांबला, आणि बर्गमॉट तेलातल्या बर्गाप्टेन या द्रव्याकडे बोट दाखवणारी ही हकीकत २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. दिवसाला दोनतीन कप पिणाऱ्यांनी निर्धास्त असावं.

मोगरा, बर्गमॉट आणि काहीही न लावलेला चांगला दार्जिलिंग असे तीन कप समोर मांडून आळीपाळीने हुंगले की हळूहळू एक विचित्र गोष्ट जाणवते. तिन्हींत कुठेतरी एक सामाईक धागा आहे. काहीतरी फुलासारखं, किंचित लिंबाकडे झुकणारं. हा भास नव्हे. लिनॅलूल नावाचा एक रेणू मोगऱ्यात आहे, बर्गमॉटच्या तेलात आहे आणि दार्जिलिंगच्या पानात तो जन्मतःच आहे. आपल्या धन्यांच्या वासातला मुख्य रेणूही लिनॅलूलच. फक्त धन्यातला आणि बर्गमॉटमधला हे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा आहेत, आणि नाकाला तेवढा फरकही कळतो. दार्जिलिंगमध्ये जेरॅनिऑलही असतो, जो गुलाबात असतो. श्रीलंकेच्या ऊवा भागातल्या चहात मिथिल सॅलिसिलेट असतं, म्हणजे गुडघ्याला चोळायच्या बामचा जो ओळखीचा वास, तो. मोगऱ्यात इंडोलही असतं. तेच इंडोल जास्त झालं तर डांबराच्या गोळ्यांची आणि त्याहूनही नको त्या गोष्टींची आठवण करून देतं. मोगऱ्याला खरेपणा मात्र त्याच्या चिमूटभर असण्यानेच येतो. बाटलीतला नकली मोगरा पुष्कळदा नुसता गोड-गोड वाटतो.

तर मग मुन्नारला गेल्यावर मळ्यातलं चहाचं पान तोडून चुरगाळलं तर गुलाब का येत नाही? हिरव्या गवताचाच वास येतो. कारण जिवंत पानात हे सुगंधी रेणू साखरेच्या रेणूंना बांधलेले असतात. साखरेचं ओझं पाठीवर असेपर्यंत ते उडू शकत नाहीत, आणि जे उडत नाही ते नाकापर्यंत पोचत नाही. त्यांना सोडवणारं विकर त्याच पानात असतं, पण वेगळ्या कप्प्यात. पान खुडून मलूल होऊ दिलं, मग वळलं-चुरगाळलं की कप्पे फुटतात, विकर साखरेपर्यंत पोचतं आणि बांधलेला वास मोकळा होतो. जपानी संशोधकांनी १९९०च्या दशकात हे कुलूप आणि ही किल्ली दोन्ही ओळखून काढली. चहाच्या कारखान्यात तासन्‌तास जे चालतं त्यात आधीच पानात असलेल्या वासाची सुटका हा मोठा भाग आहे. फुलाचा वास चहाला आपण बाहेरून लावतो खरा, पण तो ज्या पानाला लावतो ते पान स्वतःही अर्धं फूलच असतं.

आणि हे काम कधी कधी किडाही करतो. तैवानमधल्या ‘ओरिएंटल ब्यूटी’ नावाच्या चहासाठी शेतकरी मळ्यावर कीटकनाशक मारत नाहीत, कारण त्यांना तुडतुडे हवेच असतात. तुडतुड्याने कोवळ्या पानाचा रस शोषला की पान बचावासाठी वेगळीच रसायनं बनवू लागतं, आणि त्यांतून मधाचा, पिकल्या द्राक्षाचा वास येतो. दार्जिलिंगच्या मे-जूनच्या खुडणीला जो मस्कटेल स्वाद येतो, त्यातही अशाच चावऱ्या मंडळींचा वाटा आहे. ग्राहक चढा भाव देतो तो पानाच्या दुखण्याला.

घरी तुलना करायची तर दूध बाजूला ठेवावं लागतं. दुधातलं केसीन तुरटपणा गिळतं आणि स्निग्धांश गंधाचे रेणू धरून ठेवतो. दुधाच्या चहाची बदनामी करण्याचा हेतू नाही. तो सीटीसीच्या दाणेदार चहापुडीवर, आलं ठेचून आणि परसातला गवती चहा गाठ मारून आधणात टाकूनच करावा. त्या उकळीपुढे टिकायला सिट्रलसारखा दणकट वास आणि आल्याचा झणका लागतो. मोगरा तिथे बिचारा पहिल्या मिनिटात वाफेबरोबर निघून जाईल.

चमच्याने मोजणं मात्र सोडा. वळलेल्या लांब पानांचा चमचा आणि दाणेदार पुडीचा चमचा यांच्या वजनात फार अंतर पडतं. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या: १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम. हे प्रमाण आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं आहे. आयएसओ ३१०३ या १९८० सालच्या मानकात चाखण्यासाठी चहा कसा करावा ते लिहिलेलं आहे: पांढरं चिनी मातीचं भांडं, उकळतं पाणी, झाकण, सहा मिनिटं. याच विषयावरच्या सहा पानी ब्रिटिश मानकाला १९९९ साली साहित्याचं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामगिरीचं बक्षीस. सहा मिनिटांत चहा कडू होतोच. तेच हवं असतं; दोष लपू नयेत. घरी आनंदासाठी प्यायचा असेल तर काळ्या चहाला तीन मिनिटं आणि ग्रीन जास्मिनला ऐंशी अंशांच्या आसपासचं पाणी पुरे. बोअरच्या जड पाण्याने मात्र वर साय धरल्यासारखा तवंग येतो आणि तिन्ही कप मुके होतात. गाळलेली पानं लगेच टाकू नका, पुन्हा पाणी घाला. ज्यात वास रात्रभर मुरवला आहे तो चहा दुसऱ्या पाण्यालाही बोलतो. नुसतं सुगंधी द्रव्य शिंपडलेला पहिल्या कपात ओरडतो आणि दुसऱ्यात गप्प होतो.

नाकही थकतं. तोच वास सतत हुंगत राहिलं की थोड्या वेळात तो नाहीसा होतो. गजरेवालीला मोगरा जाणवत नाही तो यामुळेच. अत्तराच्या दुकानात मधेमधे कॉफीच्या बिया हुंगायला देतात, पण तपासून पाहिलं तेव्हा साधी हवा तेवढाच उपयोग करते असं दिसलं. खिडकीपाशी जाऊन यावं.

राहिला प्रश्न खरंच फरक कळतो की पाकिटाची किंमत बोलते, हा. यावरून संख्याशास्त्रात एक क्रांतीच झाली आहे. १९२०च्या दशकात इंग्लंडच्या रोथम्स्टेड संशोधन केंद्रात शैवालाच्या अभ्यासक म्युरिएल ब्रिस्टल यांनी सांगितलं की कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे आपल्याला चवीवरून कळतं. रोनाल्ड फिशर यांनी आठ कपांची परीक्षा सुचवली: चार एका रीतीचे, चार दुसऱ्या, क्रम उलटसुलट. आठांतून चार निवडण्याच्या ७० रीती होतात, तेव्हा नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. प्रयोगांची आखणी कशी करावी यावरच्या १९३५च्या आपल्या पुस्तकात फिशर यांनी याच परीक्षेवरून सुरुवातीचा सिद्धान्त उभा केला, आणि बाईंनी किती कप ओळखले ते तिथे सांगितलंच नाही.

घरी तीन कप पुरतात. दोन एकाच चहाचे, एक वेगळा, आणि वेगळा कोणता ते सांगायचं. एकदा जमलं तर तीनात एक शक्यता, त्यात काही मोठेपणा नाही. सलग चार वेळा जमलं तर एक्क्याऐंशीत एक. तिथे नाकाला मानायला हरकत नाही. कप मात्र दुसऱ्याने भरायचे, चाखणाऱ्याने त्या वेळी स्वयंपाकघरात फिरकायचंही नाही, आणि रंग कळू नये म्हणून या वेळी पांढऱ्या कपांऐवजी स्टीलचे पेले घ्यायचे.