नवारीत पट्टा ओवण्याची पट्टी

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय छात्र सेनेच्या आम्हा मुलांचे पदभ्रमण पवनारहून धाम नदीच्या काठाकाठाने निघाले होते. प्रथमोपचाराची थैली माझ्या पाठपिशवीला अडकवलेली होती आणि तिची जबाबदारी माझ्यावर होती. तासाभराने पहिल्या वर्षाच्या एका मुलाचा पाय खडकावरून घसरला, नडगी चांगलीच फुटली. सर म्हणाले, "बँडेज काढ." मी पाठीमागे हात नेला, तर थैली जागेवर नव्हती! शेवटी कुणाच्या तरी दुपट्ट्याने जखम बांधली. थैली बऱ्याच मागे एका बाभळीच्या झुडपात लोंबत होती. सर मला एक शब्दही बोलले नाहीत, आणि तेच मला अधिक लागले.

चूक माझीच होती. थैलीचा पट्टा मी फक्त वरच्या एका फाशातून घातला होता. खालच्या फाशांत बोट शिरेना, म्हणून कंटाळून तसाच सोडून दिला होता. त्या आळसातूनच हा लेख निघाला आहे.

वाचकांपैकी ज्यांचा लष्करी सामानाशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंग्रजीत ज्याला वेबिंग म्हणतात ती आपल्या घरची नवारच. आजोबांच्या खाटेला असते तशी, पण अधिक घट्ट विणीची. सैनिकाच्या अंगावरचे पट्टे पूर्वी कातड्याचे असत. बोअर युद्धात (1899–1902) ते पावसापाण्यात टिकेनात, तेव्हा ब्रिटिश सैन्याने 1908 मध्ये सुती नवारीचा संपूर्ण संच स्वीकारला. पुढे 1937 चा नमुना आला. पितळी आकड्यांचा आणि बकलांचा तो संच आपल्या सैन्यातही पुष्कळ वर्षे वापरात होता. आता सुताची जागा नायलॉनने घेतली आहे. कापसाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला याची थोडी चुटपुट वाटते, पण भिजून जड होणारी नवार ज्याने पाठीवर वाहिली आहे तो तक्रार करणार नाही.

हल्लीच्या पाठपिशव्यांवर नवारीच्या आडव्या ओळी शिवलेल्या दिसतात. ही पद्धत अमेरिकन सैन्याने 1990 नंतरच्या दशकात रूढ केली. ओळ एक इंच रुंद, दोन ओळींमध्ये एक इंच मोकळी जागा, आणि दर दीड इंचावर पक्की शिलाई. दोन शिलायांमध्ये जो बोगदा राहतो त्याला मी फासा म्हणतो. थैलीच्या पाठीवरही अशाच ओळी असतात. थैली पिशवीवर ठेवली की तिच्या ओळी पिशवीच्या मोकळ्या जागांत बरोबर येतात. मग थैलीचा उभा पट्टा एकदा पिशवीच्या फाशातून, एकदा थैलीच्या फाशातून, पुन्हा पिशवीच्या, असा खाटेच्या विणीसारखा खाली न्यायचा आणि शेवटी टिचबटण लावायचे. पुष्कळ जण पट्टा नुसता पिशवीच्याच फाशांतून सरळ खाली ओढतात. बटण लागते, काम झालेसे वाटते, पण थैली वरच्या टोकाला लोंबकळत राहते आणि चालताना हिसके खाते.

अडचण अशी की नवी नवार ताठ असते. एक इंची पट्टा आत ढकलला की दुमडतो, आणि बोट घातले तर नख उलटते. माझी ही झटापट पाहून आजी म्हणाली, "अरे, नाडीच त ओवाची हाय न!" आणि तिने आपली नाडी ओवायची काडी पुढे केली. ती म्हणजे जुना दातांचा ब्रश, केस काढलेला, बुडाशी भोक असलेला. परकराच्या नेफ्यात तो सुरेख चालतो, येथे मात्र तिसऱ्याच फाशात अडकला. मग बांबूची कामटी तासली. तिचे तंतू नवारीत गुंतले. प्लास्टिकची फूटपट्टी वाकवली, ती मोडली.

शेवटी उपयोगी पडली ती जिनिंगमधल्या गठाणीची लोखंडी पट्टी. आपल्याकडे कापसाची गठाण 170 किलोची. ती आवळून ठेवणारी पट्टी पातळ असून चिवट असते, वाकते आणि पुन्हा सरळ होते. मी टाकून दिलेल्या पट्टीचा पाऊण इंच रुंद, आठ इंच लांब तुकडा घेतला. (बांधलेल्या गठाणीची पट्टी कुणी तोडू नये. ती ताणलेली असते, उसळून तोंडावर येते.) एक टोक कानशीने जिभेसारखे गोल केले. दुसऱ्या टोकापासून अर्धा इंच सोडून सायकलवाल्याकडून भोक पाडून घेतले. भोक किती मोठे? पट्ट्यावरच्या टिचबटणाचा उंचवटा त्यात नेमका बसेल इतके. यात घाई करू नये. आधी लहान पाडून कानशीने वाढवावे. मग सर्व कडा घासून बोथट कराव्यात, नाहीतर हीच पट्टी नवारीचा धागा कापते. मी अर्धी संध्याकाळ नुसती कड घासत होतो.

वापर उलट्या दिशेने करायचा. गोल टोकाऐवजी भोकाचे टोक आधी घालण्याची चूक मी एकदा केली, तेव्हा उघड झाले की पट्टी दोन्ही टोकांना गोल हवी. थैलीचे खालचे अंग किंचित उचलून पट्टी खालून वर, आलटूनपालटून फाशांतून सरकवावी. भोकाचे टोक सर्वांत वर निघाले की पट्ट्याचे टिचबटण त्यात बसवावे. उंचवटा ज्या बाजूला असेल, पट्टी त्या बाजूला हवी. आता खाली ओढायचे. फाशाचा दाबच बटणाला भोकात धरून ठेवतो, गाठ मारावी लागत नाही. पहिल्या फाशाशी मात्र अंगठ्याने दाबून धरावे, कारण बटण निसटते ते तेथेच.

मगनवाडीतले मगन संग्रहालय 1938 पासून ग्रामोद्योगांची हत्यारे मांडून बसले आहे. लहानपणापासून मी ते पाहत आलो, पण चातीच्या टोकाकडे किंवा पेळूच्या पाटाकडे कधी नीट पाहिले नव्हते. या पट्टीनंतर पुन्हा गेलो, तेव्हा प्रत्येक वस्तूची कड कशी घासली आहे तेच पाहत फिरलो.

दोन पट्ट्यांची थैली आता मी पाच-सात मिनिटांत बसवतो. काढताना पट्टीचे गोल टोक बटणाखाली सरकवले की बटणही उचकटते, हा न ठरवलेला फायदा. पट्टी खोलीच्या दाराशी खिळ्याला टांगलेली आहे. ज्या मुलाची नडगी फुटली होती तो परवाच ती मागून घेऊन गेला. पुढच्या पदभ्रमणात प्रथमोपचाराची थैली त्याच्याकडे आहे.